टॉवरची नाडी

"अगं उतर खाली! उडवी कलंडली तर भातासंगं तुला बी झोडाया लागंल!"

गोमा खळ्यातून ओरडत होता. त्याची बायको जनीबाई भाताच्या भाऱ्यांच्या उडवीवर, अगदी शेंड्याला, पदर खोचून उभी होती आणि हातातला फोन आभाळाकडे धरून त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती.

"जागे! ए जागृती! पोराला उजेडात धर गं! नुसता कान दिसतोय!"

फोनमधून खरखर आली. मग कानाच्या जागी गाल आला, गालाच्या जागी एक डोळा आला, आणि नातवाचं तोंड आता सगळं दिसणार एवढ्यात चित्र जागच्या जागी थिजलं. जनीबाईनं फोन उजवीकडे धरला, डावीकडे धरला, डोक्यावर धरला. तो एक डोळा तिच्याकडे टक लावून बघत राहिला.

"गेली," ती म्हणाली आणि मटकन भाऱ्यावर बसली.

"काय गेलं?"

"रेंज."

"बरं झालं. त्या लहरी एकदा आंगात शिरल्या म्हंजे—"

"शिरू दे! तुमच्या आंगात येवढं वारं शिरलंय, मी कवा काय बोलले का?"

झोडणीला आलेल्या बायका हातातले भारे तसेच धरून हसल्या. गोमानं हातातला भारा फळीवर असा काही आपटला की दाणे पार बांधापलीकडे हिरूच्या वावरात जाऊन पडले. ते पाहून तो आणखी चिडला, कारण हिरूला फुकट दाणा जाणं त्याला अजिबात खपत नसे.

पळसखोंड हे चौक या बाजाराच्या गावापासून आत, डोंगराच्या पोटाशी बसलेलं गाव. वीज होती, नळ होता, शाळा होती, फक्त रेंज नव्हती. म्हणजे होती, पण जमिनीवर नव्हती. काळूरामला ती गोठ्याच्या पत्र्यावर चढल्यावर मिळायची, शाळेच्या बाईंना झेंड्याच्या कट्ट्यावर, आणि जनीबाईला उडवीवर. पावसाळ्यात उडवी नसते. तेव्हा चौकला बाजाराला जाईल त्या दिवशीच तिला लेकीचा आवाज ऐकायला मिळे, तोही ट्रकच्या भोंग्यांमधून.

जागृती तिची एकुलती एक. जावई कमलेश पूर्वी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात फिटर होता, तेव्हा लेक आठवड्याला माहेरी यायची. मग त्याला गुजरातेत दहेजला काम लागलं. जागृती बाळंतपणाला आली, पोर सव्वा महिन्याचं झालं आणि त्याला घेऊन ती जी गेली ती गेली. त्या पोराचं नाव स्वराज. स्वराज आता कपाटाला धरून उभा राहतो असं लेक सांगे. जनीबाईनं ते कपाट फोनवर पाहिलं होतं, उभा राहिलेला स्वराज मात्र तिला अजून दिसला नव्हता. "आपण दोघं जाऊन येऊ," असं तिनं नवऱ्याला किती वेळा म्हटलं, पण गोमाकडं उत्तर तयार असे. एकदा लावणी, एकदा कापणी, आता झोडणी, आणि झोडणी संपली की वाल पेरायची घाई. शिवाय रोगी. गाव सोडून गेलो तर रोग्यांनी कुणाकडं बघायचं?

कारण गोमा नाडी बघत असे. त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. बाप्याचा उजवा हात, बाईचा डावा, पोटात अन्न नसताना, सकाळच्या वेळी. तीन बोटं मनगटावर ठेवायची. पहिल्या बोटाखाली वात, दुसऱ्याखाली पित्त, तिसऱ्याखाली कफ. गोमाला त्यातलं बरंच कळत होतं, आणि जे कळत नव्हतं ते तो रोग्याच्या तोंडाकडं बघून ओळखत होता. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाची म्हैस मेली, हे त्याला रोगी येण्याआधीच माहीत असायचं. मग डोळे मिटून तो "तुला मनाचा ताप हाय" असं म्हणाला की समोरचा माणूस पाया पडायचाच बाकी राही.

उन्हाळ्यात एकदा तो चौकला दाढी करायला बसला असताना न्हाव्याच्या फोनवरच्या व्हिडिओत एक गृहस्थ बोलताना त्यानं पाहिले. मोबाईलच्या लहरींनी माणसाला ताण येतो आणि तो ताण आपल्या जुन्या नाडीविद्येनं मोजता येतो, असं ते सांगत होते. गोमा अर्धी दाढी तशीच ठेवून उठला. घरी आल्यापासून त्याला चौथी नाडी सापडली. वाताच्या आणि पित्ताच्या मधोमध ती असे, आणि तिचं नाव त्यानं ठेवलं टॉवरची नाडी.

"तुझ्या नाडीत चौकचा टॉवर बोलतोय," असं तो गंभीरपणे सांगायचा. माणसं घाबरून घरी जायची आणि आनंदानं दुसऱ्याला पाठवायची. भिसेगावहून रिक्षा करून लोक येऊ लागले. गोमानं ओटीवर नवी सतरंजी टाकली आणि बोलताना आवाज खाली आणायला सुरुवात केली.

अशातच टॉवरवाले गावात आले आणि त्यांनी जागा पसंत केली ती हिरूच्या खडकाळ माळाची. टॉवर दुसऱ्या कुणाच्या जागेत आला असता तर लहरी एवढ्या वाईट निघाल्या असत्या का, ते सांगता येत नाही. पण हिरूचा आणि गोमाचा बांधावरून पिढीजात वाद. गोमानं गावभर सांगून टाकलं, "टॉवर आला की आधी म्हशी आटतील, मंग माणसं." जनीबाईनं टॉवर यावा म्हणून ग्रामदेवीला नारळ बोलला होता. तिनं कपाळाला हात लावला.

शेवटी ग्रामसभा लागली. गावानं ठराव दिला तर टॉवर, नाही तर टॉवरवाले पलीकडच्या गावात जाणार.

मार्गशीर्षातली सकाळ होती. शाळेच्या पटांगणात दव पडलेलं, माणसं घोंगड्या आणि स्वेटर गुंडाळून बसलेली. कडेला हिरूची बायको मोतीबाई बचत गटाच्या बायकांबरोबर भल्या मोठ्या कढईत पोहे परतत होती, आणि फोडणीचा वास सगळ्या सभेवर पसरला होता. सरपंच रूपाताई नुकत्याच निवडून आलेल्या, वयानं लहान, पण आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, "ज्याला टॉवरबद्दल बोलायचंय त्यानं बोला."

गोमा उठला. "मी काय बोलू? नाडीच बोलंल."

"नाडी कशी बोलंल? तूच बोलशील!" हिरू खालूनच ओरडला. "माज्या जागेत टॉवर म्हणून तुज्या पोटात दुखतंय. तुजी नाडी तूच बघ!"

"हिऱ्या, माज्या बापाच्या विद्येला नाव ठेवू नको!"

"विद्येला कोन ठेवतंय? तुला ठेवतोय!"

दोघं एकमेकांच्या अंगावर धावले. रूपाताई मधे पडल्या. "काका, भांडू नका. आपण सरळ परीक्षा घेऊ. गोमाकाकांचे डोळे बांधायचे. एकेकानं येऊन हात द्यायचा. कुणाच्या खिशात फोन चालू असेल, कुणाच्या बंद असेल, कुणाकडे नसेलच. काकांनी नाडी बघून सांगायचं, लहरी आहेत का नाहीत. बरोबर आलं तर टॉवर नको. चुकलं तर ठराव मंजूर. कबूल?"

"कबूल!" गोमा म्हणाला. "पण पोटात अन्न नको कुणाच्या. नाडी बिघडते."

सगळ्या गावानं पोह्यांच्या कढईकडं पाहून उसासा टाकला.

गोमाच्याच खांद्यावरचा टॉवेल घेऊन रूपाताईंनी त्याचे डोळे घट्ट बांधले. तो मांडी घालून, हात पुढं करून बसला. पहिला आला काळूराम. त्यानं उजवा हात दिला. गोमानं बोटं ठेवली, मान डोलावली, आणि म्हणाला, "लहरी हायत. फोन चालू हाय."

काळूरामनं फोन काढून दाखवला. चालू होता. टाळ्या पडल्या. आता काळूरामला फोन बंद कसा करतात ते ठाऊक नाही ही गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही माहीत होती, आणि काळूरामचा खोकला गोमाला लांबूनही ओळखता येत होता. पण टाळ्या पडायच्या त्या पडल्याच.

मग मोतीबाई कढईपासून उठून आली. पदराला हात पुसून डावा हात पुढं केला. "फोन नाय," गोमा म्हणाला, "नुसते पोहे हायत." सगळे खो खो हसले. मोतीबाईकडं फोन नव्हताच. आणखी टाळ्या. मग आले एक म्हातारेबुवा, तेही बरोबर निघालं. हिरूचा चेहरा उतरला. मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "नको तो टॉवर! म्हशी वाचवा!" आणि चार बाप्यांनी माना डोलावल्या.

जनीबाई बायकांत बसली होती. तिला आधी हसू येत होतं. पण टॉवर हातचा चालला होता. आता नातू शाळेत जाईल, त्याला मिसरूड फुटेल, आणि आपण उडवीवर उभं राहून त्याचा एक कान बघत बसू. या विचारानं ती उठली ते तिला स्वतःलाही कळलं नाही.

बापाच्या विद्येत एक नियम होता, आणि गोमानं तो जन्मभर पाळला होता. घरच्या माणसाची नाडी धरायची नाही. आपल्या माणसाची काळजी वाटते, काळजीनं आपलीच बोटं उडू लागतात आणि त्याची नाडी कोणती, आपली कोणती, ते कळेनासं होतं. जनीबाई आजारी पडली की गोमा तिला रिक्षात घालून चौकच्या डॉक्टरकडं धाडून द्यायचा. बायकोचा हात त्यानं धरला होता तो लग्नात, आणि तोही भटजींनी धरायला लावला म्हणून.

शेजारणीकडं फोन देऊन जनीबाई पुढं आली. हातातल्या बांगड्यांचा आवाज तो ओळखेल म्हणून तिनं त्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि वरून पदर घट्ट आवळला. रूपाताईंनी डोळे विस्फारले. जनीबाईनं ओठांवर बोट ठेवलं. सगळं पटांगण एकाएकी गप्प झालं. मोतीबाईनं झारा तोंडावर धरला.

जनीबाई नवऱ्यासमोर बसली आणि डावा हात पुढं केला.

गोमानं बोटं टेकवली. एरवी तो लगेच मान डोलवायचा. या वेळी डोलवली नाही. बोटं जरा दाबली, जरा सैल केली, परत दाबली. तोंडाकडं बघायची सोय नव्हती, खोकला ऐकू येत नव्हता. होतं ते नुसतं मनगट. बऱ्याच दिवसांनी त्याला बापानं सांगितलेलं सगळं आठवू लागलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुला झोप नाय."

जनीबाईनं दुसऱ्या हातानं पदर आणखी आवळला.

"जेवतीस, पन चव लागत नाय. काम ढीगभर करतीस, पन मन कामात नाय. मन लांब कुठंतरी लागलंय. येवढा ताण!" त्याचा आवाज वाढला. "सरपंचबाई, लिवून घ्या! येवढा ताण मी अख्ख्या तालुक्यात बघितला नाय! हिच्या आंगावर फोन चालू हाय. एक नाय, दोन असतील!"

"नाही काका," रूपाताई कशाबशा म्हणाल्या. "एकही फोन नाही यांच्याकडे."

"आं?"

"खरंच नाही."

गोमा गोंधळला. पण बोटांनी मनगट सोडलं नाही. "मंग ताण कशाचा?"

"ते तूच सांग!" हिरू म्हणाला. त्याचा आवाज हसू दाबून दाबून चिरका झाला होता. "वैद्य तू!"

गोमानं पुन्हा बोटं टेकवली. "लेक," तो म्हणाला. "हिची लेक लांब दिलेली असनार. लेकीच्या आठवनीनं झुरतीया. आणि घरात हिला कोनी इचारीत नाय." मग एकदम त्याला राग आला. "हिचा नवरा कोन हाय? हाय का सभेत?"

"हाय हाय!" एकाच वेळी दहा-बारा जण ओरडले.

"हुबा करा त्याला! असा माणूस बघितला नाय मी! बायको डोळ्यांदेखत वाळत चाललीया आणि ह्याला पत्ता नाय! काय करतोस रं दिवसभर? फुशारक्या मारीत बसतोस?"

सभा कोसळली. बाप्ये एकमेकांच्या अंगावर पडून हसू लागले. काळूरामला हसता हसता खोकल्याची उबळ आली. गोमाला वाटलं, लोक त्या नवऱ्याला हसतायत. त्याला चेव चढला.

"हसू नका! हसायची गोष्ट नाय ही! अरं गाढवा, मी औषध सांगतो ते ऐक. हिला लेकीकडं घेऊन जा. एकटी धाडायची नाय, तू सोबत जायचं, पिशव्या उचलायला. चांगले पंधरा दिवस ऱ्हाऊ दे. आणि कामाची सबब सांगायची नाय. वैद्यानं सांगितलेलं औषध टाळलंस तर पाप लागंल तुला!"

"लागंल लागंल!" बायका ओरडल्या.

जनीबाई हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. आपल्या माणसाला मनातलं इतकं सगळं कळलं आणि ते त्यानं भर सभेत सांगितलं, याचा तिला इतका आनंद झाला की पदर आवळून धरायचं तिला भान राहिलं नाही. पदर सुटला आणि वर सारलेल्या बांगड्या खळ्ळकन मनगटावर आल्या.

गोमानं तो आवाज ओळखला. त्यानं दुसऱ्या हातानं टॉवेल खाली ओढला.

समोर जनीबाई. नाक लाल, डोळे ओले, आणि तोंडावर असं हसू की ते त्यानं जागृतीच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

"तू?" तो म्हणाला.

"मीच. नवऱ्याला हुबा करा म्हणालात ना? करा."

आता हसण्याला धरबंद राहिला नाही. हिरू तर उताणा पडून पाय झाडत होता. गोमाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. एवढं नाव कमावलं, भिसेगावहून रिक्षा यायच्या, ते सगळं गावासमोर धुळीला मिळालं. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग जनीबाईकडं पाहिलं, आणि आपण आत्ताच बोललेला शब्द न् शब्द त्याला आठवला. त्यातला एकही खोटा नव्हता. त्याला वाईट वाटलं, आणि तो उठून उभा राहिला.

"सरपंचबाई," तो घसा खाकरून म्हणाला, "लहरींचं मला काय कळत नाय. कळत असतं तर एक बी फोन नसलेल्या बाईला दोन फोन लावले नसते. पन नाडी खोटी नाय. ताण हाय तो असा हाय. टॉवर लावा. हिऱ्याच्या माळावर लावा, न्हाय तर त्याच्या डोक्यावर लावा!"

हिरू उठून बसला. "डोक्यावर लाव, पन मिठी मार आधी!" असं म्हणून तो गोमाच्या अंगावर येऊ लागला, पण त्याला मधेच मोतीबाईनं बाजूला केलं. झारा काळूरामच्या हातात कोंबून ती गोमासमोर बसली होती आणि बांगड्या वर सारीत होती.

"बांधा डोळे," ती म्हणाली.

"अगं, तुजी नाडी आत्ताच बघितली की!"

"तवा फोनचं बघितलंत. आता माजं बघा. आणि मोठ्यानं सांगा, हे हितंच बसलेत."

हिरूचं हसू जागच्या जागी विरलं. तेवढ्यात तिच्या मागं दुसरी बाई येऊन बसली, तिसरी आली, आणि बघता बघता पटांगणभर बायकांची रांग लागली. सगळ्यांचे डावे हात पुढं, बांगड्या कोपरापर्यंत वर. "आमचं बी सांगा ओ बाबा! मोठ्यानं सांगा!"

बाप्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणाला म्हशीचं पाणी आठवलं. कुणाचं खळं उघडं राहिलं होतं. काळूरामनं झारा कढईत ठेवला आणि मान खाली घालून फाटकाकडं निघाला. म्हशी वाचवा म्हणून माना डोलावणारे चार बाप्ये तर कुंपणावरून उड्या टाकून गेले. पोहे न खाता पळसखोंडातले बाप्ये सभेतून उठल्याची ही पहिलीच वेळ.

रूपाताईंनी रिकाम्या सतरंज्यांकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं, आणि संधी सोडली नाही.

"टॉवरच्या ठरावाला कुणाची हरकत?"

हरकत घेणारं कुणी उरलंच नव्हतं.

"बाजूनं कोण?"

"आमी!" सगळ्या रांगेनं पुढं केलेले हात तसेच वर नेले. बांगड्यांचा एकच आवाज झाला. ठराव मंजूर झाला आणि बायकांनी टाळ्या वाजवून लगेच हात पुन्हा पुढं केले.

मोतीबाई घाई करत होती, पण गोमाचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. तो जनीबाईला शेजारी बसवून हळू आवाजात बोलत होता. या वेळी आवाज खाली आणायची त्याला मुद्दाम गरज पडली नाही.

"दहेजला गाडी कुठून सुटते?"

"कल्याणावरून जातात म्हणं. कमलेशला इचारू."

"आणि झोडणी?"

"हिरूभावजी करतील. आज तुमी सांगाल ते करतील ते."

गोमा गालातल्या गालात हसला. मग जरा काळजीत पडला. "पिशव्या किती असतील?"

"नवे तांदूळ. कडवे वाल. पापड, कुरडया, पोराला दोन दुपटी. सुकं बोंबील जावयाला. वाटेत खायला भाकऱ्या."

"मी किती इचारलं."

"ते उचलाया लागल्यावर समजंल," जनीबाई म्हणाली. मग तिनं आजूबाजूला पाहिलं आणि लाजून कुजबुजली, "अवं, हात सोडा आता. बायका बघतायत."

"बघू दे," गोमा म्हणाला. "माजं अजून झालं नाय."